पनवेल वाढले, पण कोणाच्या जिवावर?

गेल्या अंकात एका वाचकाने पनवेल परिसरातील घरांच्या भावांविषयी विचारले होते. उत्तर देताना मी लिहिले होते की घरांचे भाव पाहून शहराची प्रगती कळत नाही. तेथे किती माणसे आली, कुठून आली, कशावर पोट भरतात आणि त्यांच्या नळाला पाणी कुठून येते, हे आधी पाहिले पाहिजे. त्यावर अनेक पत्रे आली. काहींनी माझे म्हणणे खोडून काढले, काहींनी आपले अनुभव कळवले, आणि बहुतेकांनी पुढचे प्रश्न विचारले. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : पनवेलची लोकसंख्या कोणी आठ लाख सांगतो, कोणी बारा, तर घरविक्रीच्या जाहिरातींत थेट पंधरा लाखांचा आकडा असतो. यातला खरा आकडा कोणता मानावा?
– एक वाचक, नवीन पनवेल

उत्तर : इतके आकडे फिरतात याचे पहिले कारण असे की 'पनवेल' या एका नावाखाली निदान तीन वेगवेगळ्या हद्दी येतात. एक आहे जुने शहर, ज्याची नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली आणि जी राज्यातील सर्वांत जुन्या नगरपालिकांमध्ये गणली जाते. दुसरी हद्द महानगरपालिकेची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी जुने शहर, सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर, तळोजा या वसाहती आणि आसपासची गावे एकत्र करून सुमारे ११० चौरस किलोमीटरची ही महापालिका झाली, आणि ती रायगड जिल्ह्यातील पहिली महापालिका ठरली. तिसरी हद्द तालुक्याची. सुकापूर, विचुंबे, करंजाडे, उलवे येथे राहणारा माणूस पत्त्यात पनवेलच लिहितो, पण त्याचे घर महापालिकेत येत नाही. सांगणारा यांपैकी कोणत्या हद्दीविषयी बोलतो आहे हे तो सहसा सांगत नाही, आणि विचारणाराही विचारत नाही.

मोजून, शिक्का मारून जाहीर झालेले आकडे २०११ च्या जनगणनेचेच आहेत. नगरपालिका हद्दीत २००१ साली सुमारे १ लाख ४ हजार माणसे होती, ती २०११ साली १ लाख ८० हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे ७३ टक्के वाढ. आज जी महापालिकेची हद्द आहे, तिच्यात २०११ साली सुमारे ५ लाख १० हजार लोक होते. त्यानंतरचा प्रत्येक आकडा अंदाज आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे या शहराच्या आयुष्यातली सर्वांत वेगवान वर्षे कोणत्याही मोजणीत आलेलीच नाहीत. एक आधार मतदारयादीचा आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पनवेल मतदारसंघात साडेसहा लाखांच्या घरात मतदार होते. तोही आकडा जपून वापरावा, कारण मतदारसंघाची हद्द महापालिकेपेक्षा वेगळी आहे, अठरा वर्षांखालील मुले त्यात नाहीत, आणि इथे वर्षानुवर्षे राहून गावाकडच्या यादीतले नाव न काढलेली माणसे माझ्याच ओळखीत डझनभर आहेत.

आता ही माणसे आली कुठून? २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली आणि रायगड जिल्ह्याची सुमारे १९ टक्क्यांनी. त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसात टक्क्यांनी घटली, रत्नागिरीची जवळपास ५ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २ टक्क्यांहून थोडी अधिक घटली. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की चित्र बरेचसे उलगडते. परळ-लालबागच्या खोल्या सोडून निघालेली कुटुंबे आणि कोकणातले घर बंद करून आलेली कुटुंबे हे दोन मोठे प्रवाह झाले. तिसरा प्रवाह घाटावरून, सातारा, सांगली, सोलापूरकडून आला. कळंबोलीच्या लोखंड बाजारातील माथाडी कामगार, पोलीस खात्यातले लोक, शिक्षक त्यात आहेत. ट्रकच्या धंद्याबरोबर पंजाबी कुटुंबे आली, बांधकामाबरोबर उत्तर प्रदेश, बिहार आणि कर्नाटकातील मजूर आले.

मी राहतो त्या इमारतीच्या जिन्याखाली टपालपेट्यांची एक रांग आहे. अठ्ठावीस पेट्या आहेत. परवा हे उत्तर लिहायला घेतले तेव्हा मी मुद्दाम त्या रांगेसमोर उभा राहून एकेक घर आठवले. नऊ घरे रत्नागिरी-सिंधुदुर्गची, सहा घाटावरची, चार आधी मुंबईत भाड्याने राहत असलेली, तीन केरळची, पाच उत्तरेकडची, आणि एक, फक्त एक, मूळ पनवेल तालुक्यातील. एका इमारतीवरून शहर ठरवू नये हे मला कळते. पण ही रांग पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते, की येथील वाढ पाळण्यांतून फार थोडी आणि टेम्पोंतून फार मोठी झाली आहे. जेथे वाढ स्थलांतराने होते, तेथे शाळा, दवाखाने, बस आणि पाणी यांची गरज हळूहळू वाढत नाही, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले की एका उन्हाळ्यात वाढते.

प्रश्न : माझे वडील म्हणत की पनवेल हे मुळात व्यापाराचे आणि कारागिरांचे गाव होते. आज तर सगळे सकाळी उठून मुंबईला जातात. पूर्वी येथे खरोखर काय चालत असे?
– एक ज्येष्ठ वाचक, जुने पनवेल

उत्तर : तुमचे वडील खरे सांगत. रेल्वे येण्याआधी मुंबईचा माणूस पुण्याला निघाला की गलबताने पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून घाटाच्या रस्त्याला लागे. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता झाल्यावर देशावरून येणारा माल बैलगाड्यांनी येथे उतरू लागला आणि होडीने मुंबईला जाऊ लागला. त्या गाड्यांमुळे येथे चाके बनवण्याचा धंदा इतका भरभराटीला आला की देशावरचा गाडीवान परतताना चाकांची एक जोडी घेऊन जाई. भात सडण्याच्या गिरण्या होत्या, मिठागरे होती, आणि आयुर्वेदिक औषधांचा एक कारखाना तर १८७२ पासून आजतागायत चालू आहे. मुंबई-पुणे लोहमार्ग झाला आणि तो पनवेलला वगळून कल्याण-कर्जतवरून गेला. बंदराचे महत्त्व उतरले, खाडी गाळाने भरत गेली, आणि पुढे शंभर वर्षे हे तालुक्याचे शांत गाव राहिले.

सकाळी मुंबईला जाण्याची रीत त्यामानाने अगदी अलीकडची आहे. हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत १९९८ साली आली, आणि २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. त्या चार वर्षांनी पनवेलला मुंबईच्या पगारावर जगणारे शहर केले. मला यात कमीपणा वाटत नाही. दीड तास लोकलमध्ये उभे राहून मुलांच्या शिक्षणाचा खर्च काढणाऱ्या माणसाविषयी मला आदरच आहे. मात्र शहरात राहणाऱ्याचा दिवस शहराबाहेर जात असेल, तर त्याचा जेवणाचा, बुटांच्या दुरुस्तीचा, चहाचा खर्चही शहराबाहेर होतो, आणि स्थानिक धंद्याला येतो तो रविवार.

प्रश्न : नवी मुंबई विमानतळासाठी ज्या दहा गावांचे स्थलांतर झाले, त्यांपैकी एका गावचा मी. आजोबा भातशेती करत आणि उन्हाळ्यात मिठागरावर जात. शेती सिडकोच्या संपादनात गेली, साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला, तो वडिलांनी आणि काकांनी बिल्डरला दिला. पुढे घरही विमानतळाच्या जागेत गेले. आज आमच्याकडे दोन फ्लॅट आहेत, एकाचे भाडे येते. पण मला आणि माझ्या तीन चुलत भावांना कायमचे काम नाही. लोक म्हणतात, यांनी पैसे उडवले. आम्ही काही उडवले नाहीत. विमानतळामुळे आमच्यासारख्यांना काम मिळेल का?
– एक वाचक, वय २६

उत्तर : तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले, आणि आधी 'यांनी पैसे उडवले' या आरोपाला उत्तर देतो, कारण तो मी स्वतः अनेक सुशिक्षित घरांत ऐकला आहे आणि तो मला अन्यायाचा वाटतो.

मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी घेण्याचे ठरले. एकरी मिळालेला मोबदला इतका तुटपुंजा होता की जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले आणि जासई व दास्तान फाट्यावर झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण त्या रक्तातून आले आहे. ही कोणी दिलेली खैरात नव्हती, हे नव्याने राहायला आलेल्या आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता हिशेब करू. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात, म्हणजे हातात येतात साडेतीन गुंठे. सातबाऱ्यावर चार भाऊ आणि दोन बहिणी अशी सहा नावे असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या गुंठ्याहून थोडे अधिक. त्या साडेतीन गुंठ्यांवर इमारत बांधायला जे भांडवल लागते ते भातशेती करणाऱ्या घरात कुठून असणार? म्हणून बिल्डरशी करार झाला, सिडकोला धरून त्रिपक्षीय करार झाला, आणि काही फ्लॅट व काही रोख रक्कम घरात आली. तुमच्या वडिलांनी जे केले ते त्या परिस्थितीत बहुतेकांना करावेच लागले.

खरे नुकसान वेगळ्या ठिकाणी झाले. तुमच्या आजोबांच्या एकरभर खारजमिनीत वर्षभराचे काम होते. पावसाआधी बांधबंदिस्ती, मग लावणी, कापणी, झोडणी, भात निघाल्यावर ओलीवर वाल, शेतालगतच्या तळ्यात सोडलेला जिताडा, मार्चपासून मिठागर. त्यात तुमच्या आजीला काम होते, शाळेतून आलेल्या मुलांना होते, ज्यांना दिसत नव्हते त्या पणजोबांनाही अंगणात बसून वालाच्या शेंगा सोलण्याचे काम होते. जमीन थोडे पैसे देत असे आणि घरातल्या प्रत्येकाला हाताशी काम देत असे. फ्लॅट पैसे देतो आणि कोणालाच काम देत नाही. मोबदल्याच्या एकाही हिशेबात हा फरक धरला गेला नाही. आणि ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, ते मिठागरावरचे मजूर, खाडीत जाळे टाकणारे कोळी, बांधावर राबणारे कातकरी, त्यांच्या वाट्याला साडेबारा टक्क्यांतले फारसे काही आले नाही.

विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. सुमारे १,१६० हेक्टरचा हा प्रकल्प असून पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे, पुढे ती ९ कोटींपर्यंत नेण्याची योजना आहे. काम तेथे निश्चितच निर्माण होईल. प्रश्न कोणते, हा आहे. सुरक्षा दल आणि विमान नियंत्रण यांची भरती देशपातळीवर होते, तेथे गावाचा दाखला उपयोगी पडत नाही. स्थानिकांना सर्वांत सहज मिळते ते सामान चढवण्याचे, साफसफाईचे आणि गाडी चालवण्याचे काम, आणि तेही कंत्राटदारामार्फत. ते काम हलके आहे असे मी म्हणणार नाही, पण अकरा महिन्यांच्या कंत्राटावर कोणी संसार उभा करू नये.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. तुमच्या भावांपैकी जे दहावी-बारावी झाले आहेत त्यांनी वातानुकूलन, विद्युत देखभाल, लिफ्ट किंवा शीतगृहाच्या यंत्रणेचे आयटीआयचे शिक्षण घ्यावे. विमानतळ चालो वा न चालो, या पट्ट्यातील शेकडो इमारती, रुग्णालये आणि गोदामे यांना ही माणसे रोज लागतात आणि आज ती बाहेरून आणावी लागतात. तुम्ही स्वतः पदवीधर असाल तर मालवाहतुकीचे कागदपत्र आणि सीमाशुल्काची प्रक्रिया शिका. न्हावा-शेवाचे बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून उरण-पनवेल भागात कंटेनरच्या यार्डांची आणि गोदामांची रांग उभी राहिली, पण या भागातली मुले तेथे बहुधा चालक किंवा पहारेकरी म्हणून दिसतात. टेबलापलीकडे बसलेला माणूस मुंबईहून येतो. विमानाने जाणाऱ्या मालामुळे हे काम आता दुपटीने वाढेल असा माझा होरा आहे, आणि ते सहा-आठ महिन्यांत शिकता येते.

दुसरी गोष्ट तुमच्या आप्तेष्टांसाठी. विमानतळग्रस्तांना साडेबावीस टक्क्यांचे विकसित भूखंड मिळाले आहेत, आणि २०१३ साली अधिसूचित झालेल्या नैना क्षेत्रात, म्हणजे विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात, नगररचना योजनांतून शेतकऱ्याला जमिनीच्या ४० टक्के भूखंड परत मिळतो. यांतील बरेच करार अजून व्हायचे आहेत. करार करताना सगळा मोबदला फ्लॅट आणि रोकड यांत घेऊ नका. रस्त्यालगतचे एक-दोन गाळे कुटुंबाच्या नावावर मागून घ्या, मग फ्लॅट एक कमी मिळाला तरी चालेल. गाळ्यात मच्छीचे दुकान निघते, गिरणी निघते, दुरुस्तीचे दुकान निघते. वहिनींना पोळी-भाजी केंद्र काढता येते. ज्या थोड्या घरांनी वीस वर्षांपूर्वी हे केले, त्यांची तिसरी पिढी आज स्वतःच्या दुकानात बसलेली मी पाहतो.

प्रश्न : आम्ही सिडको वसाहतीत राहतो. सिडकोचे सेवाशुल्क भरत होतो, मग महापालिकेचे मालमत्ता कराचे बिल २०१६ पासूनच्या थकबाकीसह आले. एकाच काळासाठी दोन ठिकाणी पैसे का भरायचे? भरावे की थांबावे?
– एक वाचिका, कामोठे

उत्तर : या दुहेरी आकारणीवरून पनवेलमध्ये मोर्चे निघाले, न्यायालयात याचिका झाल्या, आणि निवडणुकांत हाच मुद्दा गाजला. तुमची तक्रार रास्त आहे आणि महापालिकेची अडचणही खरी आहे. महापालिका कायद्याने १ ऑक्टोबर २०१६ पासून अस्तित्वात आली, त्यामुळे कर त्या दिवसापासून लागू धरला गेला. पण मालमत्तांची मोजणी होऊन बिले हातात पडेपर्यंत काही वर्षे गेली, आणि तोवर कचरा, रस्ते, दिवे, उद्याने यांतील बऱ्याच सेवा सिडकोच देत होती व त्यांचे शुल्क घेत होती. नागरिकाच्या दृष्टीने एकच झाडू दोनदा विकत घेतल्यासारखे ते झाले. माझे मत असे की ज्या महिन्यांत सेवा दुसऱ्या संस्थेने दिली, त्या महिन्यांचा भार करातून वजा करण्याचा मार्ग सरकारने पहिल्याच वर्षी काढायला हवा होता.

तुमच्या व्यवहारी प्रश्नाचे उत्तर मात्र सावधपणे देतो. महापालिका अधिनियमानुसार थकलेल्या मालमत्ता करावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. एवढ्या दराने वाढणारी रक्कम मनात राग धरून बाजूला ठेवू नये. चालू वर्षाचा कर वेळेवर भरावा, मागील थकबाकीबाबत हरकत लेखी नोंदवून तिची पोच घ्यावी, सेवाशुल्काच्या जुन्या पावत्या एका फायलीत जपाव्यात, आणि शास्तीत सवलत देणारी अभय योजना जाहीर झाली की तिच्या मुदतीकडे लक्ष ठेवावे. सोसायटीने मिळून एकच अर्ज केल्यास तो अधिक गांभीर्याने घेतला जातो.

प्रश्न : दर वर्षी मार्च उजाडला की आमच्या सोसायटीत टँकर सुरू होतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी, इतका पाऊस पडणाऱ्या भागात हे कसे? आणखी इमारतींना परवानगी मिळतेच आहे.
– एक वाचक, खारघर

उत्तर : पनवेलचे पाणी समजून घ्यायचे तर आधी जुन्या शहराचे देहरंग धरण पाहायला जावे. गाढी नदीवर, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी, १९६४ साली हे मातीचे धरण झाले. नगरपालिकेच्या मालकीचे धरण ही तेव्हा मोठी अभिमानाची गोष्ट होती. मी मागच्या उन्हाळ्यात तेथे गेलो तेव्हा पाण्याची कड भिंतीपासून बरीच आत गेली होती आणि मधल्या सुकलेल्या गाळाला हात हात रुंदीच्या भेगा पडल्या होत्या. एक गुराखी त्याच गाळावर म्हशी चारत होता. त्याने काठी खुपसून दाखवली, ती मनगटापर्यंत आत गेली. 'एवढी माती पावसानं आणलीय, पाण्याला जागाच ठेवली नाही,' असे तो म्हणाला. साठ वर्षांपूर्वीच्या छोट्या गावासाठी बांधलेले ते धरण आहे, आणि पावसाळ्यात ते कितीही भरून वाहिले तरी उन्हाळ्यापर्यंत पुरत नाही.

वसाहतींचे पाणी आणखी दुरून येते : काही पेण तालुक्यातील हेटवणे धरणातून, काही नवी मुंबई महापालिकेच्या मालकीच्या मोरबे धरणातून, आणि काही पाताळगंगा नदीतून, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण व औद्योगिक विकास महामंडळ यांच्या योजनांमार्फत. यांतील पाताळगंगेची गोष्ट मोठी विलक्षण आहे. तिला उन्हाळ्यातही जे पाणी असते ते मुख्यतः घाटावरच्या लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांचे असते; खोपोलीच्या १९१५ सालच्या वीजगृहात वीज तयार करून ते खाली सोडले जाते. म्हणजे कळंबोलीतल्या एखाद्या स्वयंपाकघरात सकाळी पाणी येणे हे खोपोलीत किती जनित्रे चालली यावरही अवलंबून असते. या तिन्ही स्रोतांवर पनवेलची पूर्ण मालकी नाही. बाळगंगा धरणाचे काम पेण तालुक्यात सुरू होऊन वर्षानुवर्षे अर्धवट पडले आहे, आणि जी गावे त्यात जाणार तेथील लोकांचा पुनर्वसनाचा प्रश्न सुटल्याशिवाय ते पुढे रेटू नये असे मला वाटते. एकदा ९५ गावांच्या बाबतीत जे घडले ते पुन्हा पेणमध्ये घडू देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तुमचा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. इमारतीला परवानगी देणारे कार्यालय एक, पाणी देणारे दुसरे आणि धरणाचा मालक तिसरा, अशी येथील घडी आहे. परवानगीच्या वेळी पाण्याची हमी विचारली जाते, पण 'उपलब्ध झाल्यावर पुरवठा केला जाईल' या अर्थाचे एक पत्र जोडले की काम भागते, आणि घर घेणाऱ्याला ते पत्र कधीच दाखवले जात नाही. नवीन घर घेणाऱ्या वाचकांना माझे सांगणे आहे की नमुना सदनिका पाहण्याआधी ते पत्र मागा. शेजारच्या दोन इमारतींत जाऊन एप्रिल महिन्यातली टँकरची बिले पाहा. तुमच्या सोसायटीने जुन्या विहिरींचाही विचार करावा. वसाहत होण्यापूर्वीच्या गावठाणांतील अनेक विहिरी अजून जिवंत आहेत. एखादी उपसून स्वच्छ केली तर वापरायचे पाणी तरी तेथून मिळेल.

प्रश्न : आम्ही मूळचे संगमेश्वर तालुक्यातले, वीस वर्षे पनवेलला आहोत. गावी घर आहे, गणपती आणि शिमग्याला जातो, सासूबाई वर्षातले सहा-सात महिने गावी असतात. येत्या जनगणनेत आमची नावे कुठे लागणार? आणि गावचे घर बंद दिसले तर काही बिघडते का?
– एक वाचिका, नवीन पनवेल

उत्तर : जनगणनेत माणूस सामान्यतः जेथे राहतो तेथे मोजला जातो. म्हणून तुम्ही, तुमचे यजमान आणि मुले पनवेलला, आणि सासूबाई वर्षाचा अधिक काळ आणि मोजणीच्या वेळीही गावी असतील तर त्या गावी. घरयादीचे काम एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात राज्याराज्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे, आणि माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, १ मार्च २०२७ ची मध्यरात्र प्रमाण धरून, असे ठरले आहे. माहिती स्वतः ऑनलाइन भरण्याचीही सोय आहे. गावचे घर बंद असेल तर त्याची नोंद बंद घर म्हणून होते. त्याने मालकी हक्काला कसलीही बाधा येत नाही. केवळ गावाविषयीच्या प्रेमापोटी सगळ्या कुटुंबाची नावे तिकडे लावू नका. तसे केले तर पनवेलच्या वाट्याचे पाणी, शाळा आणि दवाखाने तेवढ्या माणसांनी कमी धरले जातील, आणि संगमेश्वरच्या गावात खरोखर किती म्हातारी माणसे एकटी राहतात तेही झाकले जाईल.

एक गोष्ट पनवेलच्या जुन्या गावांतील वाचकांसाठी यातच सांगून ठेवतो. मोजणीत मातृभाषा विचारली जाते आणि तुम्ही सांगाल तीच लिहून घेतली जाते. घरात आगरी बोलत असाल तर आगरी सांगा. घरात भाडेकरूही राहत असेल, तर प्रगणक आल्यावर मालकाने 'आम्ही वेगळे, ते वेगळे' हे नीट सांगावे आणि भाडेकरूचे कुटुंब स्वतंत्र नोंदवून घ्यावे. आपल्याकडे भाडेकरार नोंदवलेला नाही या भीतीने अनेक जण भाडेकरूला लपवतात. जनगणनेत दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याने गोपनीय असते, ती कर आकारणीसाठी किंवा पोलिसांना दिली जात नाही. आणि सासूबाईंना फेब्रुवारीत फोन करून विचारा, की मोजणीवाले येऊन गेले का.